वांचलेल्यांचा शब्द

वंशसंहारांतून वांचलेल्यांच्या साक्षींना कितपत महत्त्व द्यावें, ह्याविषयीं सुशिक्षितांत एक शहाणपणाचा सूर ऐकूं येतो. कागदपत्रें आहेत, छायाचित्रें आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत. मग वृद्धांच्या डळमळीत स्मृतीवर भिस्त कशाला, आणि भरत आलेल्या जखमेची खपली तरी कोणासाठीं काढावयाची? हा सूर आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

कागद कोणाचे, हें प्रथम पाहावें. यूरोपांतील सुमारें ६० लक्ष यहुद्यांचा संहार झाला, त्याचीं दप्तरें बहुतांशीं मारणाऱ्यांनींच ठेविलीं. त्यांत माणसें मारलेलीं नसतात. तीं 'पूर्वेकडे वसविलेलीं' असतात, त्यांना 'खास वागणूक' मिळालेली असते. हें पान कधींही लिहिलें जाणार नाहीं, असें हिमलरनें १९४३ सालीं आपल्या अधिकाऱ्यांस बजावलें होतें. त्याच वर्षीं ट्रेब्लिंका येथील छावणी जमीनदोस्त करून तेथें शेतघर बांधण्यांत आलें. त्या एका जागीं ७ लक्षांहून अधिक माणसें मारलीं गेलीं. निसटून युद्धाअखेर उरले ते मूठभर. ते बोलले नसते तर वाटसरूस तेथें शेतच दिसलें असतें.

आतां स्मृतीच्या चुकीविषयीं. मानसोपचारतज्ज्ञ डोरी लाउब हे स्वतः ह्या संहारांतून लहानपणीं वांचलेले. येल विद्यापीठाच्या साक्षसंग्रहांतील एक प्रसंग त्यांनीं लिहून ठेविला आहे. ऑशविट्झमधील ऑक्टोबर १९४४ च्या बंडाची हकीकत सांगतांना एक स्त्री म्हणाली कीं, चार धुराडीं स्फोटांत उडालीं. उडालें होतें एकच. सबब ही साक्ष कुचकामाची, असा इतिहासकारांनीं निकाल दिला. लाउब ह्यांचें उत्तर असें कीं, ती संख्येची साक्ष देत नव्हतीच. जेथें प्रतिकार कल्पनेंतही येत नव्हता तेथें तो घडला, ह्याची ती साक्ष देत होती. संख्या कागदांवरून अवश्य तपासावी, ह्यांत आमचा वाद नाहीं. पण चूक दुरुस्त करणें निराळें आणि साक्षीदारास दाराबाहेर घालविणें निराळें.

खपली काढूं नका, हा उपदेश तर आम्हांस अधिकच संशयास्पद वाटतो. ऑशविट्झहून परतलेला प्रिमो लेव्ही सांगण्यास उत्सुक होता. त्याचें पुस्तक इटलींतील नामांकित प्रकाशकानें परत केलें. १९४७ सालीं एका लहान प्रकाशकानें त्याच्या २,५०० प्रती काढल्या, आणि पुन्हां तें निघण्यास १९५८ साल उजाडलें. जखमी मनुष्य बोलत होता. ऐकणाऱ्यांसच तें सोसत नव्हतें.

हें दूरदेशींचें प्रकरण म्हणून हात झटकणाऱ्यांनीं आपल्याच शहरांतील पुस्तकांच्या दुकानांत एकवार डोकवावें. हिटलरचें आत्मचरित्र तेथें मराठींत मिळतें, आणि खपतेंही. दिवाणखान्यांत त्याच्या शिस्तीचें कौतुक चालतें आणि पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें तें ऐकत बसतात. लेव्हीचें पुस्तक त्यांतल्या किती घरीं असेल? मारणाऱ्याचा शब्द आम्ही मुलांच्या हातीं बिनदिक्कत देतों. वांचलेल्याचा मात्र, त्यांच्या कोवळ्या मनावर परिणाम होईल म्हणून, दडवून ठेवितों.

त्या वेळीं जीं मुलें होतीं त्यांनीं आज ऐंशी ओलांडली आहे. १९९४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या शोआ फाउंडेशननें ५० हजारांहून अधिक साक्षी चित्रित करून ठेविल्या आहेत. त्यांतील कांहीं हजार घरबसल्या पाहतां येतात. ज्यांना मुलांच्या मनाची एवढी काळजी, त्यांनीं त्या आधीं स्वतः ऐकाव्या.