विंगमधला विंगमॅन

पुण्यात इंजिनिअरिंग करण्याचा एक फायदा कुठल्याच ब्रोशरमध्ये छापत नाहीत. लोहगावहून सुखोई उडाली की इथलं लेक्चर आपोआप अर्धा मिनिट थांबतं! सर खडू हातात धरून उभे, आणि आपण सगळे खिडकीबाहेर. देशातली पहिली मिग-२९ विमानं १९८७ मध्ये लोहगावला आली, पहिली सुखोई-३० सुद्धा १९९७ मध्ये इथेच, आणि तळ तर १९३९ पासूनचा. म्हणजे आपल्या आधीच्या कितीतरी बॅचेसची थर्मोडायनॅमिक्स या आवाजात बुडालेली आहे. अशा गावातल्या हॉस्टेलवर पोरं रात्री विमानांचे गेम खेळणार नाहीत तर काय सापशिडी खेळणार?

तर विषय आहे कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर. (मी कॉन्व्हेंटवाला. ‘लढाऊ उड्डाण सदृशीकरण’ वगैरे लिहायला लागलो तर मलाच ते वाचता येणार नाही, त्यामुळे यापुढे ‘सिम’.) ग्रुपने खेळायला कुठला सिम चांगला, यावर आमच्या विंगमध्ये जेवढे वाद झालेत तेवढे मेसच्या पनीरवरही झाले नसतील. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: आपल्या विंगमध्ये सगळ्यात मरतुकडा लॅपटॉप ज्याचा आहे, त्याच्या लॅपटॉपवर जो चालेल, तो सगळ्यात चांगला.

हसू नका. आपल्याकडे शनिवारी रात्री काय चालतं ते आठवा. तिघांकडे गेमिंग लॅपटॉप, रंगीत दिवे लागणारे. तिघं खेळतात आणि दहा जण खुर्चीमागे उभे राहून ‘अरे डावीकडे घे, डावीकडे!’ ओरडतात. याला आपण ‘ग्रुप सेशन’ म्हणतो. हे ग्रुप सेशन नाही, ही वरात आहे. तिघं घोड्यावर, बाकीचे नाचायला.

त्या तिघांचा लाडका गेम म्हणजे डीसीएस वर्ल्ड. खोटं कशाला बोलू, कॉकपिट बघून माझेही डोळे फिरले होते. प्रत्येक बटण खरं. इंजिन सुरू करायलाच दहा मिनिटं लागतात आणि त्यातही मजा येते. बेस गेम फुकट आहे, त्याबरोबर सुखोई-२५टी आणि मस्टँगचं एक बिनहत्यारी ट्रेनर मिळतं. पण पुढचं प्रत्येक चांगलं विमान विकत, डिस्कवर शंभर जीबीहून जास्त जागा, आणि रॅम १६ जीबी असली तरी मोठ्या मिशनला धाप लागते. तेरा जणांच्या विंगमध्ये हे तिघांनाच परवडणार. डीसीएस एकट्याने शिकायला झकास आहे. हॉस्टेलला नाही.

मग वॉर थंडर. २०१२ पासून आहे, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतो, माऊसने विमान उडवता येतं. कागदावर एकदम फिट! पण स्क्वॉडमध्ये चारच जण मावतात. पाचवा आला की तो दुसरीकडे. समोर कोण, तर जगाच्या पाठीवरचा कोणीतरी अनोळखी, जो कॉलेजला जातो की नाही याचीच शंका यावी इतका तयार. आपली आपली कस्टम बॅटल बनवता येते, पण तीही त्यांच्याच सर्व्हरवर, म्हणजे रात्री अकराला हॉस्टेलच्या वायफायने मान टाकली की सगळी विमानं हवेत दगडासारखी थिजतात. शिवाय चांगल्या जेटपर्यंत पोचायचं तर महिनोन्महिने रेटायचं नाहीतर पैसे टाकायचे. परत तेच, ज्याच्या खिशात त्याच्या हातात.

फाल्कन ४.० हा १९९८ चा, एफ-१६ चा गेम. जुने लोक अजून त्याच्या नावाने कानाला हात लावतात. त्याचं मॅन्युअल पाचशे पानांच्या वर आहे. आपण सिलॅबसची पुस्तकं वाचत नाही, असो.

आणि एक गंमत. जुन्या गेमच्या यादीत ‘आय.ए.एफ.’ असं नाव दिसलं की आपली छाती फुगते. थांबा! तो १९९८ चा जेन्सचा गेम इस्रायली हवाई दलाचा आहे. आपल्या हवाई दलाचा गेम वेगळा, मोबाइलवरचा, त्याची नवी आवृत्ती ३१ जुलै २०१९ ला तेव्हाचे वायुसेनाप्रमुख धनोआ यांच्या हस्ते आली. बसमधून घरी जाताना छान वेळ जातो. पण सहा इंचाच्या पडद्यावर अंगठे घासणं म्हणजे विमान उडवणं नव्हे.

राहिला म्हातारा: आयएल-२ स्टर्मोव्हिक: १९४६.

मूळ गेम २००१ चा, मॉस्कोच्या ओलेग मॅडॉक्स यांच्या टीमने बनवलेला. भर पडत पडत २००६ मध्ये सगळं एकत्र करून ‘१९४६’ निघाला. चालवता येणारी दोनशेहून जास्त विमानं. पेंटियमच्या जमान्यातलं कोडिंग, त्यामुळे आज ज्यावर फक्त ऑटोकॅड रडतखडत उघडतं त्या लॅपटॉपवरही पळतो. कंपनीचं लक्ष दुसरीकडे गेल्यावर टीम डेडलस नावाच्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं त्याचे पॅच काढले, तेही फुकट. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंटरनेट लागत नाही! एक आठ पोर्टचा स्विच, चार-पाच केबल, एकाने होस्ट व्हायचं, पोर्ट २१०००, झालं. वायफाय मेलं तरी युद्ध चालू.

अडचण एकच. हा गेम माऊसवर खेळण्यात अर्थ नाही, आणि कीबोर्डवर विमान बैलगाडीसारखं चालतं. उपाय बुधवारात आहे. मिनी प्रोजेक्टसाठी पासोड्या विठोबाला आपण सगळे जातोच, तिथेच साधा यूएसबी गेमपॅड घ्या. दोघांत एक घेतला तरी चालतो, आलटून पालटून.

यात खेळायचे दोन प्रकार आहेत. डॉगफाइट मोडमध्ये मेलात की परत उडा, परत मरा. पहिल्या आठवड्यात आम्ही तेवढंच केलं आणि कंटाळलो. खरा माल को-ऑपमध्ये आहे. सगळे एकाच बाजूला, एकाच वेळी सुरुवात, समोर कॉम्प्युटरची विमानं, आणि जीव एकच. मेलात तर मिशन संपेपर्यंत बाहेर बसून चहा करा. एकदा हा नियम लागला की तेरा पोरांचं वागणं कसं बदलतं ते बघण्यासारखं असतं. सीएसमध्ये छाती काढून पुढे पळणारा आमचा हिरो को-ऑपमध्ये पहिल्या चार मिनिटांत मरतो. दर वेळी. आणि त्याला पाडणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो!

हो. नावाच्या पाट्या बंद ठेवून उडालं की लांबचा ठिपका आपला की परका कळत नाही. आम्ही पहिल्या तीन मिशनमध्ये शत्रूपेक्षा एकमेकांनाच जास्त पाडलं. तेव्हा आमच्या ब्लॉकमधल्या एका कलाकाराने हरिकेनला भारतीय हवाई दलाची दुसऱ्या महायुद्धातली खूण रंगवायला घेतली. (गेममध्ये विमानाचा रंग म्हणजे एक साधी १०२४ बाय १०२४ ची चित्रफाइल असते, पेंटमध्येही जमतं.) शोधताना कळलं की ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांच्या गोल खुणेतून मधला लाल ठिपका काढून टाकला होता आणि फक्त निळा आणि फिका निळा ठेवला होता. कारण जपानी विमानांवर लाल गोळा. लाल दिसलं की आपलेच आपल्यावर गोळ्या झाडतील ही भीती. म्हणजे आमच्या विंगमध्ये जे झालं त्याचा बंदोबस्त १९४३-४४ मधल्या खऱ्या हवाई दलांनाही करावा लागला होता!

तिथून आम्ही इंफाळला पोचलो. १९४४ मध्ये जपान्यांनी इंफाळला वेढा घातला तेव्हा हवाई दलाची एक नंबर स्क्वॉड्रन तिथे हरिकेन उडवत होती, स्क्वॉड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली. तेच पुढे १९६५ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख होते. त्यांचं तिथलं मुख्य काम गोळीबार नव्हतं, टेहळणी होती. विमानं जोडीने जायची. पुढचा खाली जंगलात, रस्त्यांवर, नदीकाठी बघायचा. मागचा नागमोडी उडत फक्त आकाश बघायचा. त्याला ‘वीव्हर’ म्हणत, म्हणजे विणकर. पुढच्याने मान खाली घालून काम करायचं ते मागच्याच्या भरवशावर.

आम्ही तसंच मिशन बनवलं. गेममध्ये मिशन बिल्डर आहे, डोंगराळ नकाशा घेतला आणि त्यालाच इंफाळ म्हटलं. समोर जपानी की-४३, म्हणजे हायाबुसा. (बाइकवाल्यांनो, हेच ते नाव, ससाणा.) सहा जोड्या उडवायच्या ठरल्या. आणि मग जे झालं त्यासाठीच हा लेख लिहितोय.

लीडर व्हायला अकरा जण तयार. विणकर व्हायला कोणी नाही.

शेवटी एक जण तयार झाला. औशाचा आमचा मित्र, ज्याच्याकडे त्याच्या चुलतभावाने वापरून दिलेला लॅपटॉप आहे. आख्खं सेमिस्टर तो खुर्चीमागे उभा असायचा आणि ओरडायचासुद्धा नाही. त्या रात्री तो माझ्यामागे उडाला. वीस मिनिटांत मोजून पाच वाक्यं बोलला असेल, आणि प्रत्येक वाक्यात दिशा, अंतर आणि काय करायचं एवढंच होतं. ‘मागे, सात वाजता, दोन आहेत, उजवीकडे वळ.’ मी वळलो. मी खाली बघत होतो, ती दोन विमानं मला दिसलीसुद्धा नव्हती. आमची जोडी परत उतरली. बाकी पाच जोड्यांपैकी दोन विमानं आली. त्याच्या नावावर त्या रात्री एकही शिकार नाही, स्कोअरबोर्डवर तो शेवटून दुसरा!

इथे मला आपल्या सगळ्या गेमिंग इव्हेंट्सशी भांडायचंय. आपण किल मोजतो. फेस्टमध्ये बक्षीस किलवर, फ्लेक्सवर फोटो किलवाल्याचा. मग विणकर कोण होणार? को-ऑपमध्ये मोजायचं तर एवढंच मोजा की किती जण उडाले आणि किती परत उतरले.

बोलण्याचंही तसंच. २२ नोव्हेंबर १९७१ ला बोयऱ्यावर चार नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर जेट्सना गाठलं, त्या लढतीत गणपती या वैमानिकाने विमान पाडल्यावर रेडिओवर फक्त ठरलेला शब्द उच्चारला: ‘मर्डर, मर्डर, मर्डर’. संपलं. दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने उतरून कैद झाले, त्यातले एक पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. आमचा रेडिओ ऐका: ‘अरे मागे बघ!’ ‘कुणाच्या मागे?’ ‘माझ्या!’ ‘तू कुठला?’ ‘अरे मी रे!’ ...आणि धडाम.

आता प्राध्यापक मंडळींसाठी दोन शब्द, कारण ‘पोरं रात्रभर गोळ्या झाडतात’ एवढंच आपल्यापर्यंत पोचतं. सर, लेव्हल टर्नमध्ये साठ अंश बँक केलं की लोड फॅक्टर २ होतो आणि स्टॉल स्पीड १.४१ पट, हे आम्ही पाठ करायचो. हरिकेन त्या वळणात थरथरून डोंगरात पडल्यावर ते पाठ करावं लागत नाही. ताशी ३६० किलोमीटर वेगाने त्याच बँकवर वळणाची त्रिज्या साधारण ५९० मीटर, वेग दुप्पट केला तर त्रिज्या चौपट. हायाबुसा हलकं विमान, कमी वेगात आपल्या आत वळतं, म्हणून त्याच्याशी गोल गोल फिरत भांडायचं नाही. हे आमच्या ब्लॉकमधल्या कंप्युटरच्या पोरांनाही आता कळतं, ज्यांचा आणि सेंट्रिपीटल फोर्सचा संबंध एफ.ई. नंतर तुटला होता.

अभ्यास बुडतो हा आक्षेप खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण को-ऑप मिशन चाळीस मिनिटांचं असतं आणि त्याला शेवट असतो. ज्या गेममध्ये ‘अजून एक मॅच’ कधीच संपत नाही, पहाटे चार त्याच्यामुळे वाजतात.

म्हणून रेक्टर सरांना विनंती: महिन्यातून एक शनिवार, रात्री नऊ ते साडेबारा, कॉमन रूम आणि तिथला प्रोजेक्टर द्या. स्विच आणि केबल आमच्या. कॉमन रूम झाली तर गर्ल्स हॉस्टेललाही येता येईल. सध्या आमची लॅन बी ब्लॉकच्या जिन्यापाशी संपते, आणि पलीकडे दोघी-तिघी आमच्यापेक्षा चांगलं उडवतात असं ऐकून आहे. गेममध्ये मिशन रेकॉर्ड होतं, ते शेवटी प्रोजेक्टरवर लावून कोण कुठे मेला आणि कोणी कुणाला वाचवलं ते सगळ्यांनी पंधरा मिनिटं बघायचं. स्कोअरबोर्ड लावायचा नाही.

आमच्या विंगमध्ये नियम ठरलाय: आधी चार शनिवार विणकर, मग लीडर. जॉयस्टिक सध्या दोन आहेत आणि त्या विणकरांना मिळतात. यावरून भांडण झालं, दोन दिवस एकाने मेसमध्ये वेगळ्या टेबलवर जेवण केलं, पण गेल्या वेळी आठ उडाले आणि सहा उतरले.

– टी.ई. मेकॅनिकल, बी ब्लॉक