बेचाळीस किलोमीटर आणि वीस पावले

डिसेंबरात मुंबईहून भाच्याचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "मामू, जानेवारीत मॅरेथॉन धावतोय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे जमवतोय. तुम्ही पण द्या."

खरे सांगायचे तर मला रागच आला. या मुलाची नानी, म्हणजे माझी अम्मा, इथे कुरुंदवाडला रोज त्याच्या फोनची वाट पाहते. तिच्याशी बोलायला दोन मिनिटे नाहीत आणि जगाच्या म्हाताऱ्यांसाठी हा धावणार! शिवाय धावण्याचा आणि पैशांचा संबंध काय, तेही समजेना.

फोन करून विचारले. त्याने शांतपणे सांगितले. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून भरते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, म्हणजे साधारण आपल्या गावाहून सांगलीला जाऊन परत येण्याइतकी. धावणारा एखादी संस्था निवडतो, ओळखीच्यांपुढे झोळी पसरतो आणि जमलेली देणगी 'युनायटेड वे मुंबई'मार्फत त्या संस्थेला पोहोचते. दरवर्षी असे कोट्यवधी रुपये उभे राहतात.

"पण एकटेपणावर पैसा काय करणार?" मी विचारले.

त्याने डिग्निटी फाउंडेशनचे उदाहरण दिले. १९९५ साली मुंबईत सुरू झालेली ही संस्था ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन चालवते. तिची 'चाय मस्ती' नावाची केंद्रे आहेत. तिथे म्हातारी माणसे जमतात, चहा पितात, गप्पा मारतात. "मामू, जागा, चहा, काम करणारी माणसं, सगळ्याला पैसे लागतातच की."

म्हणणे खरे होते. मी पैसे पाठवले, पण एक अट घातली: दर जुम्म्याला नानीला फोन करायचा. त्याने कबूल केले आणि सहज विचारले, "शेजारच्या खाला कशा आहेत?"

मला उत्तर देता येईना.

खालांचे घर आमच्या दारापासून वीस पावलांवर. मुलगा पुण्यात, मुलगी सासरी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने गावाला वेढले, तेव्हा हाताला धरून मीच त्यांना बाहेर काढले होते. छावणीत आम्ही एकाच दस्तरखानावर जेवलो. पाणी ओसरले, तसे माझे जाणे-येणेही ओसरले. मशिदीला जाताना दिवसातून पाच वेळा त्यांच्या दारावरून जातो. दार उघडे आहे एवढे पाहतो आणि पुढे चालू लागतो.

त्या दिवशी असरनंतर त्यांच्याकडे गेलो. मला दारात पाहून त्या घाबऱ्याघुबऱ्या उठल्या. "क्या हुआ बेटा? कौन गुजर गया?"

मय्यतची खबर असल्याशिवाय आपल्या दारात कुणी येईल, असे त्यांना वाटलेच नाही. मी भाच्यावर रागावलो होतो, तो राग मला तिथेच गिळावा लागला.

वाचकहो, जिथे आपले पाय पोहोचत नाहीत, तिथे आपला पैसा पोहोचू द्या. मॅरेथॉन धावणाऱ्या मुलांना हसू नका, जमेल तेवढे द्या. एखाद्या वृद्धाला मदत हवी असेल, तर सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर घरात लिहून ठेवा. मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या कायद्याने आईवडिलांना पोटगी मागता येते, हेही त्यांना सांगा. मात्र जिथे आपले पाय पोहोचतात, तिथे या कशानेही भागत नाही. तिथे स्वतःच जावे लागते.

भाच्याने दौड पूर्ण केली. जुम्म्याच्या दिवशी अम्मा नमाज उरकून फोन मांडीवर घेऊन बसते. मला खालांकडे रोज जाणे जमत नाही, आठवड्यातून दोनदा जातो. पण आता मला पाहून त्या "कौन गुजर गया" असे विचारत नाहीत. चहा टाकतात.