चार आठवड्यांचे गुरुजी

परदेशात जाऊन विनामूल्य शिकवण्याचा पुरस्कार करणारे एक गृहस्थ सध्या फार जोरात आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या पदवीधर मुलामुलींना इंग्रजी येतं, नेपाळातल्या खेड्यातल्या मुलांना ते हवं आहे, काठमांडू काही लांब नाही. तेव्हा नोकरी लागण्याआधी महिनाभर जावं, शिकवावं आणि ‘समृद्ध होऊन’ परतावं. यात खोट काढणारे सगळे करंटे. करंट्यांच्या वतीने मी चार शब्द बोलतो.

चार आठवड्यांत नेमकं काय शिकवतात? पहिला आठवडा नावं पाठ करण्यात आणि पोट बिघडण्यात जातो. दुसऱ्यात रंग, तिसऱ्यात शरीराचे अवयव, हातवारे करून गाणं. चौथ्यात निरोप समारंभ. मग नवे गुरुजी उतरतात. आधीच्यांनी काय शिकवलं याची नोंद कुठेच नसते, म्हणून हेही रंगांपासूनच सुरुवात करतात. पोरं शहाणी असतात; पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून लाल रंग पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करतात. वर्षभरात त्यांचे रंग चारदा होतात, भूतकाळ एकदाही होत नाही. दरम्यान कायमच्या शिक्षकाचा तास गेलेला असतो. उरलेला भाग त्यालाच धावतपळत संपवायचा असतो, कारण दहावीच्या परीक्षेत ते गाणं विचारत नाहीत. मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत, कारण पाहुण्यांबरोबर भिंतीला रंग आणि दोन संगणकही येतात. मागच्या बाकावरच्या मुलीला जोडाक्षर वाचता येत नाही, ती शेजारणीचं ऐकून ओठ हलवते, हे कळायलाच चांगल्या शिक्षकाला पहिली सहामाही लागते. आमचे गुरुजी तोवर मायदेशी परतून परदेशी विद्यापीठाच्या अर्जात तिच्यासोबतचा अनुभव लिहीत असतात.

बरं, मुहूर्त तरी? हिमालयही पाहून घ्यावा म्हणणाऱ्यांची झुंबड ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कारण तेव्हा आभाळ निवळतं. दसैं आणि तिहार या नेपाळी सणांच्या सुट्ट्याही नेमक्या त्याच सुमारास. शिक्षक हजर, शाळेला कुलूप!

‘इंग्रजी येतं म्हणजे शिकवता येतं’ हा सिद्धांत मला जुना परिचित आहे. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा शहरी विद्वान जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या उच्चारांना हसत होते. पहिलीचा वर्ग चाळीस मिनिटं बसवून ठेवणं ही विद्या उच्चारांच्या पलीकडची आहे, असं मी तेव्हा घसा कोरडा करून सांगत होतो. माझं कुणी ऐकलं नाही. हसणाऱ्यांपैकी एकाला तरी पहिलीच्या वर्गात तासभर सोडायला हवं होतं, असं अजून वाटतं. असो.

एका गोष्टीवर गृहस्थ बोलत नाहीत. सेवा ‘विनामूल्य’, पण जमवून देणाऱ्या मध्यस्थाची फी मात्र चोख. आणि शाळेऐवजी अनाथाश्रमात जाणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की नेपाळातली बहुतेक बालगृहं काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशी पर्यटकांच्या वाटेवरच का आहेत, आणि तिथल्या बहुसंख्य ‘अनाथां’च्या आईबापांपैकी निदान एक जण जिवंत कसा.

मग कुणी जाऊच नये का? जावं. ऑगस्ट 1961मध्ये अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक योजनेची पहिली तुकडी घानातल्या आक्रा इथे उतरली. ती 51 जणांची होती. घानाच्या सरकारला माध्यमिक शिक्षक हवे होते, म्हणून ती आली होती. पुढच्याच वर्षी इथिओपियात पावणेतीनशेच्या वर गेले, नेपाळातही सुरुवात झाली. तेही बहुतेक कोवळे पदवीधरच होते, हे गृहस्थ लगेच दाखवून देतील. खरं आहे. पण त्यांनी आधी काही आठवडे प्रशिक्षण घेतलं होतं, दोन वर्षं बांधून घेतली होती आणि शाळेच्या वेळापत्रकात त्यांचं नाव होतं. त्यांच्या वर्गाचा निकाल लागला तेव्हा ते तिथेच होते. त्याच काळात इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षकही मोठ्या संख्येने होते, त्यात केरळचे पुष्कळ. ते पगार घेत आणि सेवेचं नाव न काढता शिकवत.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. त्या देशाने बोलावलेलं असावं, मुक्काम निदान एका शैक्षणिक वर्षाचा असावा, आणि जाणाऱ्याने आधी इथल्याच एखाद्या शाळेत सहामाही काढलेली असावी, तपासलेल्या वह्यांसकट. एवढं जमत नसेल तर पोखऱ्याला फिरायला जावं. फेवा तलावात नाव भाड्याने घ्यावी, मोमो खावेत, वाटाड्याला पुरती मजुरी द्यावी, आणि शाळेवरून जाताना आत तास चालू असेल तर खिडकीतून फोटो काढू नये.