आडनाव काय म्हणालात?

परवा एका मुलीने फोनवर माझी विकेट काढली. सरळ क्लीन बोल्ड!

झालं असं, की राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमधली एक मैत्रीण लग्न करून निघाली. तीन मुलींचा टू बीएचके. एक बेड रिकामा, भाडं मात्र तेवढंच. म्हणून ओळखीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'रूममेट पाहिजे. नोकरी करणारी, चांगल्या घरातली.' दुसऱ्याच दिवशी फोन. मुलगी गडहिंग्लजकडची, नुकतीच नोकरीला लागलेली, बोलायला एकदम मोकळी. भाडं पटलं, डिपॉझिट पटलं, पाणी सकाळी सहालाच येतं हेसुद्धा पटलं. आणि मग मी अगदी सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ती म्हणाली, "ताई, आडनाव सांगू की डायरेक्ट जात सांगू? तुमचा वेळ वाचंल."

मी 'अगं, तसं नाही' म्हणत सारवासारव केली. पण तसंच होतं ना! मुळात ती आडनाव काही म्हणालीच नव्हती. ते 'म्हणालात' म्हणजे कडू गोळीवरची साखर. "बघते आणि कळवते," म्हणून तिने फोन ठेवला. कळवलं नाही. बेड अजून रिकामा आहे.

मी, मास कॉमची डिग्री घेतलेली, दर २६ जूनला शाहू जयंतीचं स्टेटस न चुकता ठेवणारी मुलगी! दोन दिवस स्वतःचाच राग येत होता. मग स्वतःला समजावलं, की जाऊ दे, सगळेच विचारतात. लेबल काय, आपल्यालाही लागतंच की. पुण्याच्या ऑफिसात नवीन गेलेल्या कोल्हापूरकराला विचारा. 'कोल्हापूर का? म्हणजे तिखट खाणार, मोठ्याने बोलणार आणि तालमीत जाणार!' बिचाऱ्याला पांढऱ्या रश्श्यानेसुद्धा ठसका लागत असतो. पण तो हसतो, 'नाद खुळा' म्हणतो आणि विषय संपतो.

पण खरंच संपतो का मंडळी? ज्या लेबलमुळे फक्त गंमत होते आणि ज्या लेबलमुळे खोली मिळत नाही, ती दोन्ही एकाच दुकानातली असली तरी त्यांची किंमत सारखी नाही. पहिल्याची किंमत शून्य. दुसऱ्याची किंमत तिने मोजली, मी नाही.

हे सगळं मी अमेरिकेत एमएस करणाऱ्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर सांगत होते. तिने चालता चालता कॅमेरा फिरवला. मोठमोठे बंगले, दारावर ग्रीक अक्षरं. "ही इथली फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी हाउसेस. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. आधी पसंत पडायचं, मग सभासद व्हायचं. एकत्र राहायचं, जेवायचं, पार्ट्या करायच्या, पुढे एकमेकांना नोकऱ्या लावायच्या. आणि बघ ना, गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी. सेम आपला दसरा चौक गं!"

मी आधी हसले. नंतर वाचायला बसले, तर गंमत बाजूलाच राहिली. गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःची 'अल्फा फाय अल्फा' काढली. १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींची 'अल्फा कॅपा अल्फा' निघाली. २०२१ ते २०२५ अमेरिकेच्या उपाध्यक्ष असलेल्या कमला हॅरिस याच सोरोरिटीच्या.

आता कोल्हापूरची तारीखवही उघडू. १९०६, मुस्लिम बोर्डिंग. १९०८, मिस क्लार्क बोर्डिंग, त्या काळी अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी. साल तेच, दुखणंही तेच! एका बाजूला अटलांटिकपलीकडची विद्यापीठं, दुसऱ्या बाजूला आपलं संस्थान. एकमेकांना कुणी ओळखतही नव्हतं.

दसरा चौकातून आपण रोज गाडी हाणत जातो. शाहू महाराजांच्या पुतळ्याला वळसा घालतो, सिग्नलला हॉर्न मारतो. आजूबाजूच्या बोर्डिंगांच्या पाट्या वाचून 'जातीची हॉस्टेलं काढली होती की महाराजांनी!' असं कुणी पाहुणा म्हणाला, तर आपल्यालाही नेमकं उत्तर सुचत नाही. उत्तर असं आहे, की महाराजांनी सुरुवात जातीच्या हॉस्टेलपासून केलीच नव्हती. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्या जातींना खुलं असलेलं वसतिगृह निघालं होतं. दार सगळ्यांना उघडं! पण थोड्याच वर्षांत आत मुलं उरली ती जवळजवळ एकाच, ब्राह्मण समाजाची. नियमात कुणाला बंदी नव्हती. बंदी होती ती पंगतीत, स्वयंपाकघरात आणि आधीपासून शिकलेल्यांच्या ओळखीपाळखीत. खेड्यातला शेतकऱ्याचा पोर तिथपर्यंत पोचतच नव्हता.

म्हणून १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी समाजाचं नामदेव बोर्डिंग, इंडियन ख्रिश्चन, चांभार-ढोर, सुतार, नाभिक... महाराज १९२२ साली गेले, तोवर शहरात वीसेक वसतिगृहं उभी राहिली होती. मधल्या काळात २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या गेल्या. बोर्डिंगमध्ये राहा, शिका, नोकरीला लागा. ज्यांना जिना नाकारला होता, त्यांच्यासाठी ही शिडी होती. शिडी जातीची होती, कारण अडवणूक जातीची होती. कॉर्नेलच्या त्या सात पोरांचंही हेच लॉजिक.

इथपर्यंत सगळं फीलगुड आहे. पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती याच चौकातली आहे.

कुंभोजचा एक जैन मुलगा शिकायला कोल्हापुरात आला आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिला. नाव भाऊराव पाटील. १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंगचं उद्घाटन झालं, त्या कार्यक्रमाला हा पठ्ठ्या गेला. परत आल्यावर त्याला फर्मावण्यात आलं, की आधी आंघोळ कर, मग जेवणघरात ये. त्याने साफ नकार दिला. परिणाम? बोर्डिंगमधून हकालपट्टी. आणि बोर्डिंगची सूत्रं होती कुणाकडे? अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे. कुणी जुनाट कर्मठ नव्हेत, एम.ए. झालेले, सुधारणावादी, पुढे शाहू महाराजांचं चरित्र लिहिणारे लठ्ठे!

हे वाचताना मला घाम फुटला बघा. कारण व्हिलन असता तर बरं झालं असतं. 'ते तसलेच लोक' म्हणून हात झटकता आले असते. पण इथे एक शिकलेला, चांगला माणूस आपल्या मुलाला फक्त एवढंच सांगत होता, की आंघोळ करून ये. साधी गोष्ट. सहज. माझ्या 'आडनाव काय म्हणालात'इतकी सहज.

पुढचा ट्विस्ट तर सिनेमाला लाजवेल असा. १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासण्याचं प्रकरण झालं. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे, म्हणून भाऊरावांवर दबाव आला, कोठडीत छळ झाला. ज्या माणसाने बोर्डिंगबाहेर काढलं, त्याचे हिशोब चुकते करायची आयती संधी! पण भाऊराव बधले नाहीत. खोटं बोलणार नाही म्हणजे नाही.

याच माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात एक बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छताखाली. मुलांनीच काम करायचं, स्वयंपाक करायचा आणि एकाच पंगतीत जेवायचं. १९२७ साली गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. कर्मवीरांनी महाराजांची शिडी मोडली नाही. तिची पुढची पायरी बांधली.

मला यातून जे कळलं ते एवढंच. आपल्या माणसांनी आपला ग्रुप करणं यात गुन्हा नाही. दारं बंद असतील तर तो करावाच लागतो. ग्रुपची परीक्षा वेगळी असते. आपला कुणी शेजारच्या पंगतीत जाऊन आला, तर आपण त्याला 'काय वाढलं होतं रे?' विचारतो, की आंघोळीला पाठवतो?

आणि ही परीक्षा जुनी झालेली नाही. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातल्या गोऱ्या मुलींच्या सोरोरिटींनी हुशार कृष्णवर्णीय मुलीला केवळ रंगामुळे डावलल्याची बातमी तिथल्याच विद्यार्थ्यांच्या पेपरने छापली, ती २०१३ साली! २०१५ साली ओक्लाहोमा विद्यापीठात एका फ्रॅटर्निटीची पोरं बसमध्ये वंशद्वेषी घोषणा गात असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. शाखा बंद झाली, दोघांना काढून टाकलं. बसमधल्या बाकीच्यांनी काय केलं असेल? ते आपल्याला ठाऊक आहे, कारण आपणही व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच करतो. हसणारा इमोजी टाकतो आणि पुढे जातो.

आपल्याकडे २०१९ साली मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये एमडी करणाऱ्या डॉ. पायल तडवीने आपलं आयुष्य संपवलं. जातीवरून टोमणे मारून तिचा छळ केल्याचा आरोप तीन सीनियर डॉक्टरांवर ठेवण्यात आला. कोर्ट काय ते ठरवेल. पण जळगावकडून आलेल्या आदिवासी समाजातल्या मुलीला टॉपच्या कॉलेजच्या हॉस्टेलवर एकटं पाडता येतं, एवढं आरोपपत्राची वाट न बघताही आपल्याला ओळखीचं वाटतं. २०२३ साली आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारींसाठी राखली गेली. विरोध म्हणून तिथे मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजारांचा दंड. पंगत गेली, टेबल आलं. बाकी काय बदललं?

हॉस्टेल, पीजी, कॉट बेसिस, फ्लॅट शेअरिंग... घर सोडल्यावर माणूस पहिल्यांदा परक्या लोकांबरोबर झोपतो, जेवतो, आजारी पडतो. लेबलं गळून पडायची सगळ्यात सोपी जागा ही. तिथेच आपण ती दारावर चिकटवतो. मी चिकटवली.

काल त्या मुलीला मेसेज केला, 'त्या दिवशी चुकलं माझं. सॉरी. बेड रिकामा आहे म्हणून नाही, खरंच सॉरी.' दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. बरोबरच आहे, तिने का द्यावं?

मग ग्रुपवरचा जुना मेसेज काढून नवीन टाकला. 'रूममेट पाहिजे. भाडं तीन वाट्यांत. पाणी सकाळी सहाला. भांडी आळीपाळीने, अंडी-मटण ज्याचं त्याने करावं, गॅस पुसून ठेवावा. आडनाव सांगायची गरज नाही.' 'चांगल्या घरातली' हे शब्द काढताना कळलं, की तेही आडनावच विचारत होते.

फ्लॅटमधली दुसरी म्हणाली, "अगं, पण मालकीणकाकू विचारणारच की!"

विचारू देत. भाडेकराराला आधार कार्ड लागतं, आडनाव तिथे असेलच. काकूंनी त्यापुढे काही विचारलं, तर मात्र त्यांना चहाला बसवून कुंभोजच्या त्या पोराची गोष्ट सांगणार आहे. काकूंची दोन्ही मुलं रयतच्या शाळेत शिकलीत. त्यांना ती माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आणि तुम्ही? तुमच्या फ्लॅटवरचा बेड रिकामा झाला, तर तुमचा तिसरा प्रश्न काय असतो?