रंगीत पानांची बाजू

आमच्या अंगणात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, "फुलझाडं नाही लावली का हो?" आता फुलझाडं आहेत. जास्वंद आहे, तगर आहे, कुंपणावर गोकर्ण आहे. पण बरीचशी जागा क्रोटन, कोलियस, अकॅलिफा, कॉर्डिलाईन आणि रिओ यांनी घेतलेली आहे, त्यामुळे फुलं शोधणाऱ्याला बाग रिकामी वाटते. ना फूल, ना फळ, देवाला वाहता येत नाही, भाजीत घालता येत नाही, मग असलं झाड लावायचं कशाला? ‘शोभेची झाडं’ हे शब्दसुद्धा आपण जरा नाक मुरडूनच उच्चारतो. कचेरीच्या दारात नाहीतर शाळेच्या झेंड्याच्या कट्ट्याभोवती असतात ती, घरी काय करायची! आज या बिचाऱ्या झाडांची बाजू मांडायचा विचार आहे.

फुलांचं महत्त्व मला सातारकरणीला कुणी सांगायला नको. आमच्या गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर कासचं पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागा युनेस्कोने जागतिक वारशात घेतल्या, त्यांत कास आहे. पण कासला फुलं किती दिवस असतात? ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. टोपली कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. फुलाचा स्वभावच तो, ते पाहुण्यासारखं येतं आणि जातं. पान मात्र घरच्या माणसासारखं बारा महिने समोर असतं. ज्याचा दिवसातला बराच वेळ व्हरांड्यातल्या खुर्चीवर जातो, त्याला घरच्या माणसाची किंमत जास्त कळते.

या रंगांमागे गंमतही आहे. क्रोटनचं कोवळं पान बहुधा हिरवं-पिवळं असतं आणि जून होईल तसं त्यात केशरी-लाल चढत जातं. म्हातारपणी रंगणारी अशी झाडं पाहिली की मला आमच्या पिढीबद्दल जरा बरं वाटतं! लाल माठाची भाजी धुताना पाणी गुलाबी होतं ना, तसाच लाल रंग आयरेसिन आणि अल्टरनँथेरा या किरमिजी पानांच्या झाडांत असतो. ती माठाच्याच कुळातली. डिफेनबेकिया हा आपल्या अळूचा भाऊबंद. अळूची खाज ज्या बारीक स्फटिकांमुळे येते, तेच त्यात असतात. चावलं तर तोंड सुजतं, म्हणून नातवंडं रांगत असतील तर ते झाड उंचावरच ठेवावं. क्रोटनच्या चिकानेही काहींच्या अंगाला खाज येते. फांदी कापल्यावर हात धुवावेत.

माझं सासर सातारा आणि माहेर सांगली, त्यामुळे दोन्हीकडच्या मातीशी ओळख आहे. आमच्याकडे उताराची, मुरमाड जमीन, पाणी लगेच निघून जातं. उन्हाळाही सांगलीपेक्षा जरा मवाळ. त्यामुळे कोलियस इथे खुशीत असतो. त्याला सकाळचं कोवळं ऊन द्यावं आणि तुरा आला की खुडावा, नाहीतर झाड उंच आणि किडकिडीत होतं. सांगलीला काळी माती. ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात मुळं कुजतात. तिथे कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे हवेत, मातीत वाळू आणि शेणखत हवं. एप्रिल-मेचं चाळीस अंशांचं ऊन कोवळ्या पानांना भाजतं, तेवढे दोन महिने आडोसा द्यावा. एरवी क्रोटन सावलीत ठेवला की रंग विसरून हिरवा होत जातो. पांढऱ्या-हिरव्या पानांच्या झाडावर एखादी फांदी संपूर्ण हिरवी फुटली तर ती मुळापासून काढावी. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे हिरवी फांदी जोरात वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते. वर्गातल्या दांडगट मुलासारखंच!

आता मुद्द्याचं सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. माझ्या भावाचं घर गावभागात. पाणी ओसरल्यावर अंगणात नुसता चिखल होता. गुलाब गेले, मोगरा गेला, वहिनीने वर्षानुवर्षं सांभाळलेली शेवंती गेली. भाचा म्हणाला, "आई, आता इथे पेव्हिंग ब्लॉक टाकून घेऊ. पुन्हा पूर आला तर पाइप लावून धुता येईल." त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. चिखल उपसताना त्याच्या हाताला फोड आले होते आणि वहिनीची पासष्टी उलटली होती. पण वहिनी म्हणाली, "अर्ध्यात घाल ब्लॉक. अर्धं माझं राहू दे."

त्या अर्ध्या जागेत काय लावायचं? गुलाबाची देखभाल तिच्याने होणार नव्हती. मग मी इथून ओल्या फडक्यात गुंडाळून क्रोटन, अकॅलिफा आणि कॉर्डिलाईनच्या फांद्या पाठवल्या. कोलियसचे शेंडे तर पाण्याच्या ग्लासातही आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं धरतात. पैसा एक खर्च झाला नाही. दिवाळीपर्यंत तिचं अर्धं अंगण लाल-पिवळं झालं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या वेळी तिने आधीच प्रत्येक झाडाची एकेक फांदी कुंडीत लावून गच्चीवर नेली होती आणि पाणी गेल्यावर त्यांतूनच बाग पुन्हा उभी केली. शेजारच्या दोन घरांनाही फांद्या दिल्या.

म्हणून मला वाटतं, आजचा खरा प्रश्न फूल की पान हा नाहीच. तो पान की फरशी हा आहे. साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, मुलं पुण्याला नाहीतर परदेशी गेली, आई-वडील थकले, की अंगणावर पहिली फरशी पडते. "कोण करणार ते सगळं?" हा सवाल रास्तच असतो. पण मग जमिनीत पाणी मुरत नाही, उन्हाळ्यात फरशी तापते आणि दाराबाहेर बघावं असं काही उरत नाही. म्हातारपणी बघण्यासारखं काही न उरणं याला मी लहान नुकसान मानत नाही. थोडक्या कष्टात जगणारी, बोटभर फांदीतून पुन्हा उभी राहणारी ही झाडं तिथे कामाची आहेत. शिवाय पहाटे फिरायला येऊन दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं पिशवीत भरणारी मंडळी यांना हातही लावत नाहीत, हा फायदा वेगळाच!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यातली बहुतेक झाडं परकी आहेत. क्रोटन इंडोनेशिया-मलेशियाकडचं, अकॅलिफा पॅसिफिकच्या बेटांवरचं, रिओ मेक्सिकोकडचं. फुलपाखरांना आणि मधमाश्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही, म्हणून जोडीला तुळस आणि चार फुलझाडं हवीतच. आणि छाटलेल्या फांद्या डोंगरावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. घाणेरीसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठीच आणली होती. आज ती आपल्या डोंगरांवर कुठवर पसरली आहे ते आपण बघतोच. परकी झाडं अंगणात शोभतात. कासच्या वाटेवर त्यांचं काही काम नाही.

तेव्हा मंडळी, अंगणावर फरशी घालायचा बेत घरात चालला असेल तर निदान अर्धं अंगण मागून घ्या. आषाढ-श्रावणात लावलेली फांदी सहसा दगा देत नाही. साताऱ्याच्या आसपास कुणाला फांद्या हव्या असतील तर कळवा. आमच्याकडचा क्रोटन छाटायलाच आला आहे.