एक डॉलर पगार आणि सभासदाचं मत

सिटीग्रुप या अमेरिकेतल्या अवाढव्य बँकेचे एकेकाळचे मुख्याधिकारी श्री. विक्रम पंडित हे आपल्या विदर्भातले. जन्म नागपूरचा, सन 1957. सोळाव्या वर्षी अमेरिकेत गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले ते विजेचं इंजिनिअरिंग! पुढे वळले पैशाच्या शास्त्राकडे. 1983 साली मॉर्गन स्टॅन्ले या पेढीत लागले, 1986 साली डॉक्टरेट मिळवली. वीस-बावीस वर्षांनी, 2005 मध्ये, तिथून बाहेर पडून भागीदारांबरोबर गुंतवणुकीचा फंड काढला. तो 2007 साली सिटीग्रुपनं सुमारे 80 कोटी डॉलरला विकत घेतला आणि त्याच डिसेंबरात पंडित मुख्याधिकारी झाले. पुढच्याच वर्षी तो फंड गुंडाळावा लागला, हेही सांगितलं पाहिजे.

खुर्चीत बसले ती वेळ वाईट. न फिटणाऱ्या घरकर्जांचे कागद बँकेच्या गळ्यात पडलेले. 2008 साली सरकारनं 4,500 कोटी डॉलर ओतले, तेव्हा बँक तगली. 2009 च्या फेब्रुवारीत पंडितांनी जाहीर केलं, बँक नफ्यात येईस्तोवर वर्षाला एक डॉलर पगार घेईन. आणि शब्द पाळला. 2010 ला बँक नफ्यात आली.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. एप्रिल 2012 च्या वार्षिक सभेत त्यांचा सुमारे दीड कोटी डॉलरचा पगार मताला आला आणि 55 टक्के मतं विरोधात पडली. ते मत कायद्यानं सल्ल्यापुरतंच होतं, तरी जगभर बोभाटा झाला. ऑक्टोबरात पंडित पायउतार झाले. त्याला निराळी कारणंही होती, संचालक मंडळाशी बिनसलं होतं.

तिथं ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. आपल्याकडे अर्धा एकर ऊस असो का वीस एकर, सहकार कायद्यानं सभासदाला मत एकच. एवढं बळ हाती असून आपली सभा कशी चालते? विषय वाचला की 'मंजूर, मंजूर', अन् लक्ष पंगतीकडं.

रिठद गटात प्लॉटवर गेलो की शेतकरी विचारतात, साहेब, नोंद लागली का, तोड कधी, बेणं कोणतं घेऊ? रास्तच आहे. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च टनाला किती पडला, जो तुमच्याच उसाच्या पैशातून वजा होतो, कर्जाचं व्याज किती गेलं, हे कुणी विचारत नाही. अहवालात सगळं छापलेलं असतं, अन् अहवाल फडताळावर.

मी नोकरदार माणूस, सभेत मला हात वर करता येत नाही. तुम्हाला येतो. यंदा अहवाल हाती आला की ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, शिकत्या पोराकडून का होईना, वाचून घ्या. प्रश्न सभेआधी लेखी द्या आणि पोच घ्या. ऐनवेळी ओरडून उत्तर मिळत नाही. अर्ज लिहायला अडचण वाटली तर गट ऑफिसात या, लिहून देतो.