म्हातारपणाचे बिल कोण भरणार?



सरकारी नोकरदार साठीच्या आसपास निवृत्त होतो. हार-नारळ मिळतो आणि पेन्शन सुरू होते. महागाई वाढली की महागाई भत्त्याचा वर्षातून दोनदा विचार होतो. शेतकरी निवृत्त होत नाही, तो थकतो. औत सुटते, वेचणीला कंबर वाकत नाही. पण वीजबिल, सिलिंडर, किराणा आणि रक्तदाबाच्या गोळ्या काही थकत नाहीत.

कोरडवाहूच्या घरात पैसा येतो दोनदा : दिवाळीच्या पुढेमागे कापसाचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ज्वारीचा. बिले मात्र बारा महिने येतात. हातपाय चालत होते तोवर मजुरी करून, उसनवारी करून भागले. साठीनंतर उसने देणाराही दोनदा विचार करतो.

सरकार काय देते ते बघू. २०१९ साली किसान मानधन योजना आली. अठराव्या वर्षी नाव घालणाऱ्या पोराने महिन्याला ५५ रुपये भरायचे आणि साठीला महिना ३,००० रुपये घ्यायचे. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर ४२ वर्षांनी त्या ३,००० ची किंमत आजच्या चारशे रुपयांच्याही आत येते. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ साली १,००० वरून १,५०० झाले. पण उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० हीच ठेवली. म्हणजे दिवसाला ५७ रुपये! तेवढ्यात राहणारा माणूस पासष्टी गाठेल कसा, हे अट घालणाऱ्यांनीच सांगावे.

तरीही जे हक्काचे आहे ते सोडू नका. सत्तरी ओलांडलेल्याला २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्याचे उपचार मिळतात, त्याला उत्पन्नाची अट नाही. रोजच्या गोळ्या जनऔषधीच्या दुकानात स्वस्त पडतात. डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्या.

आता घरातली गोष्ट. कापसाची पट्टी हातात आली की आधी सावकार, मग दुकानदार, मग लग्नाचा आहेर, आणि उरलेच तर म्हातारा-म्हातारी, हा क्रम उलटा करा. वर्षभराचे वीजबिल, सिलिंडर, औषध आणि घरपट्टी यांची बेरीज करा आणि तेवढी रक्कम पट्टीतून पहिल्यांदा बाजूला काढून म्हातारीच्या खात्यात टाका. थोडी मोठी रक्कम असेल तर पोस्टाच्या मासिक योजनेत दर महिन्याला व्याज मिळते. मीटर बापाच्या नावावर आणि वापर दोन्ही पोरांच्या चुली, असे असेल तर मीटर वेगळे करा. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांच्या वर चढतो. दोन घरे एका मीटरवर चालली की चढ्या दराचा भार बापावर पडतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : जिवंतपणी सगळी जमीन पोरांच्या नावे करून रिकामे होऊ नका. सातबाऱ्यावरून नाव गेले की पीएम किसानचा हप्ता जातो, सोसायटीतली पत जाते आणि घरातला शब्दही जातो. बक्षीसपत्र करायचेच असेल तर त्यात स्पष्ट लिहा, की आईबापाचे अन्नवस्त्र, औषधपाणी मुलगा करील. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ सांगते, की अशी अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द करता येते. अर्ज प्रांताकडे करायचा. अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबते. निदान दोन एकर घरधनिणीच्या नावे असू द्या. बायका बहुधा नवऱ्यामागे उरतात, आणि ते दिवस त्यांना एकटीने काढायचे असतात.

पोरे वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. ज्या शेतात बापाची शिल्लक पडली नाही, त्याच शेतात पोराचीही पडत नाही. शेतात उत्पादनखर्च भरून चार पैसे उरले असते, तर म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नसते. ती लढाई चालूच आहे. पण ती जिंकेपर्यंत गोळ्या विकत घ्याव्याच लागणार आहेत.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घरचा बारा महिन्यांचा खर्च कागदावर मांडून आणावा. सोबत घरधनिणीला आणावे. तिचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का असतो.